भामेवरची ट्यूब

टायरला निदान रस्ता तरी दिसतो. ट्यूबच्या नशिबी तेही नाही. बाहेरून टायर, आतून रिम, मध्ये फ्लॅप आणि पोटात शंभर पौंडांच्या आसपासचा दाब. असल्या अंधारात तिची सगळी नोकरी जाते. चाकणच्या कंपन्यांचा माल घेऊन ती जेएनपीटीला जाते, नाशिकला जाते, होसूरला जाऊन येते. पण घाट कसा होता, समुद्र दिसला का, असं विचारलं तर तिला काही सांगता यायचं नाही. तळेगाव चौकातल्या कोंडीचा अनुभव मात्र तिला ड्रायव्हरइतकाच असतो. तिथे आत काय आणि बाहेर काय, सारखंच.

उजेड तिला दिसतो तो पंक्चरवाल्याकडे. टामी घालून टायर उघडला जातो, ती बाहेर ओढली जाते, हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवली जाते आणि कुठून बुडबुडे येतात ते बघितलं जातं. जखम सापडली की कानस, सोल्यूशन, हीट पॅच, आणि पुन्हा कोठडीत रवानगी. असं दोनदा होतं, पाचदा होतं. मग एक दिवस व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक चिरा दिसतात, किंवा घडी पडलेल्या जागी रबर पातळ झालेलं लागतं. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून बघतो आणि म्हणतो, "आता नाही चालायची." ट्रकमालक तिच्याकडे वळूनही बघत नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला, जुन्या टायरांच्या चळतीवर ती जाऊन पडते.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल. कंपनीने व्हीआरएस देऊन घरी बसवलेला कामगार असाच पहिले काही दिवस भिंतीला टेकून असतो. मशीनवर चालेनासा झाला म्हणजे माणूस संपला असं नसतं, हे त्याला आणि घरच्यांना उमगायला वेळ लागतो. मग कुणी रिक्षा घेतो, कुणी गावी शेताकडे जातो. ट्यूब गावी जाते ती भामेवर.

भामा ही खेड तालुक्यातली नदी. सह्याद्रीत उगम पावते, चाकणच्या उत्तरेने वाहत जाऊन भीमेला मिळते. आसखेडजवळ तिच्यावर धरण आहे, साधारण आठ टीएमसीचं. या धरणाचं पाणी 2021 च्या जानेवारीपासून पुण्याच्या पूर्व भागात, खराडी-वडगावशेरीकडे जातं. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची आंदोलनं वर्तमानपत्रांत बरीच येऊन गेली. धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी चालते, ती फारशी कुठे येत नाही. करंजविहिऱ्याच्या बाजूने पाण्याकाठी चालत गेलात तर बाभळीच्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली काहीतरी काळं, गोल झाकून ठेवलेलं दिसेल. तीच ती. गोणपाट उन्हापासून जपायला. रस्त्यावर असताना तिला ऊन लागलं नव्हतं, आता तिचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. उन्हाने रबर कोरडं पडतं, तडकतं.

जवळून बघण्यासारखी चीज आहे. मी पाहिलेल्या एका ट्यूबवर सात पॅच होते. काही चौकोनी आणि नीटस, कारखान्यातून आल्यासारखे. काही सायकलच्या ट्यूबचे तुकडे कात्रीने वाकडेतिकडे कापून लावलेले. ते दुसऱ्या आयुष्यातले, मालकाने स्वतः घरी बसून चिकटवलेले. एका बाजूला पिवळ्या खडूच्या रंगाने कुठल्यातरी गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे अजून वाचता येत होते. पितळी व्हॉल्व्ह आतल्या बाजूला वाकलेला, कारण रिमच्या भोकातून बाहेर यायचं त्याचं काम होतं. पाण्यावर तोच मांडीला टोचतो, जाळ्यात अडकतो. म्हणून त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. टोपण कधीच हरवलेलं. त्याच्या जागी पॉलिथिनची चिंधी आणि वर दोऱ्याची गाठ. मधल्या भोकावर नायलॉन दोरीचं खाटेसारखं विणकाम आणि त्यावर खताच्या पोत्याची घडी. ही बैठक. बाजूला दोन फळकुटं, हाताच्या पंजाएवढी, मागे पट्टी ठोकलेली. ही वल्ही. एवढ्यात एका माणसाची होडी तयार.

हिशेब करून बघा. हजार-वीसच्या मापाची ट्रकची ट्यूब टायरबाहेर फुगवली की सव्वाशे लिटरच्या आसपास जागा व्यापते. म्हणजे पूर्ण बुडाली तर सव्वाशे किलोला उचलून धरील. साठ किलोचा माणूस, भिजलेलं जाळं, दगडाचा नांगर आणि नशीब असेल तर वीस-पंचवीस किलो मासे, एवढं घेऊनही ती पुरती बुडत नाही. ट्रकखाली टनावारी वजन पेललेलीला हे काहीच नाही. आणि दाब? ट्रकमध्ये शंभर पौंड लागत होते, इथे बोटाने दाबल्यावर जरा मागे येईल इतकी हवा पुरे. ज्या चिरा तिथे तिला नालायक ठरवत होत्या, त्या इथे वर्षानुवर्षं चालून जातात.

ट्यूबचे मालक एक मामा आहेत. धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. ते ट्यूब विकत घेताना बघणं हा एक सोहळाच आहे. महामार्गावरच्या दुकानात जायचं, चळतीतून एक उपसायची, हवा भरायला लावायची आणि मग तिला गाल लावून उभं राहायचं. कान नव्हे, गाल. बारीक गळती कानाला ऐकू येत नाही, दुकानापुढून ट्रक जात असतात. ओल्या गालाला ती गार लागते. व्हॉल्व्हच्या बुडाशी थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघायचं. घडीच्या रेषेवरून अंगठा फिरवायचा. मग भावावरून हुज्जत. निगडीच्या वाहतूकनगरीत, कुदळवाडीच्या भंगारबाजारातही पूर्वी चांगल्या ट्यूबा मिळायच्या, असं मामा म्हणतात. कुदळवाडीतली हजारो बांधकामं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली, भंगाराची गोदामं पांगली, त्यात ट्यूबवालेही पांगले.

तिचा खरा हंगाम हिवाळा. पावसाळ्यात पाणी गढूळ, ओढ जोरात, शिवाय माशांच्या विणीचा काळ. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि काठाचा चिखल गुडघाभर. दिवाळीनंतर धरण भरलेलं असतं, पाणी निवळलेलं असतं आणि वारा पहाटे पडलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा दहाच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. पाणी मात्र हवेइतकं लवकर गार होत नाही. म्हणून पहाटे पाण्यावरून वाफ निघताना दिसते आणि ट्यूबवर बसलेल्याची स्थिती मजेशीर होते: पाण्यात सोडलेले पाय उबदार आणि वरचं अंग काकडत असतं. मामा डोक्याला मफलर, अंगात स्वेटर आणि खाली चड्डी अशा वेषात निघतात.

थंडीत ट्यूबचा स्वभाव बदलतो. आदल्या दुपारी उन्हात टणक भरलेली ट्यूब पहाटे नरम झालेली असते. गळती नसते, आतली हवाच आकसलेली असते. नवखा माणूस पंक्चर शोधत बसतो. मामा सायकलच्या पंपाचे थोडे दट्टे मारतात आणि थांबतात. जास्त भरायची नाही, कारण नऊ-दहानंतर ऊन आलं की तीच हवा पुन्हा फुगते, आणि काळं रबर ऊन फार लवकर पितं. दुपारपर्यंत काम लांबलं तर मध्येच पिन दाबून थोडी हवा सोडावी लागते. शाळेत तापमान आणि आकारमानाचा नियम आम्ही घोकून पाठ केला होता. मामांना नियमाचं नाव माहीत नाही, पण किती दट्टे हे त्यांना पक्कं माहीत आहे.

पाण्यावर उतरल्यावर तिचा सगळ्यात मोठा दोष उघडा पडतो. तिला दिशा नाही. होडीला नाळ असते, कयाकला टोक असतं. वल्हं मारलं की ती टोकाकडे जाते. ट्यूब गोल. उजवं फळकूट जरा जोरात पडलं की ती डावीकडे गिरकी घेते, ते सावरायला डावं मारलं की उजवीकडे. नवा माणूस काठापासून हातभर अंतरावर जात्यासारखा फिरत बसतो आणि वाडीतली पोरं काठावर लोळून हसतात. "हिला पुढं न्हाय, मागं न्हाय. आपण बसलो तिकडं तिचं तोंड," मामा म्हणतात. दोन्ही हात एकाच तालात, एकाच खोलीवर, घाई न करता. तेही चालतं वारा नसेल तोवर. पश्चिमेचा वारा सुटला की वल्ही नावापुरती, ट्यूब त्याच्या मर्जीने जाते. म्हणून पहाटे जायचं आणि वारा उठायच्या आत परतायचं.

पण हाच दोष जाळ्याच्या कामी गुण होतो. तंगुसाचं जाळं पाण्यात सोडताना माणसाला सतत वळावं लागतं, होडीत त्यासाठी उठबस करावी लागते. ट्यूबवर माणूस बसल्या जागी नुसता कंबर हलवतो आणि ती त्याच्याबरोबर वळते. जाळं मांडीवरून सरसर खाली जातं, बोये वर राहतात, शिसं खाली जातं. मोठा मासा गळाला लागला तर आणखी मजा. मासा ओढतो तिकडे ट्यूब वळते, त्याच्यामागे जाते. तिचं अडून बसणं नसल्यामुळे दोऱ्यावर झटका येत नाही. दोरा तुटत नाही आणि मासा थकतो. ताकदवानाशी वाद न घालता त्याला दमवायचं, हे ती ट्रकखाली शिकली असावी.

माशाच्या ओढीने असं फिरणारे दूर देशातही आहेत. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात विलामेट नावाची नदी आहे. पोर्टलंड शहराच्या आसपास तिच्यावर लोक ऐन थंडीत कयाक घेऊन उतरतात, स्टर्जनसाठी. स्टर्जन हा फार जुन्या घराण्यातला मासा: अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली, तोंडाखाली मिशा, तळाशी फिरून चरणारा. त्यातला पांढरा स्टर्जन म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा सगळ्यात मोठा मासा. शंभरी गाठू शकणारा. डोहावर कयाक नांगरायची, आमिष थेट तळाला सोडायचं आणि वाट बघायची. नांगराची दोरी एका झटक्यात सुटेल अशी बांधलेली असते, कारण मासा लागला की तो कयाकला नदीभर फिरवतो. आणि बहुतेक वेळा एवढं करून तो पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा असतो. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शेवटचं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं.

गंमत अशी की ट्यूबची जातभाई तिकडेही आहे. अमेरिकन गळवाले ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये बसूनच तळ्यांत उतरायचे. पुढे त्याचा धंदा झाला. आता 'फ्लोट ट्यूब' म्हणून जी मिळते तिला पाठ टेकायला उशी, हात टेकायला बाजू, खिसे, कप ठेवायची जागा, पायात घालायला बदकाचे पंजे असं सगळं असतं. तिथे ती छंदाची वस्तू झाली, म्हणून तिच्यावर लोकांनी डोकं खर्च केलं. इथे ती पोटाची वस्तू राहिली, म्हणून ट्यूबची ट्यूबच राहिली.

आपल्याकडे स्टर्जन नाही. पण नदीचा दादा म्हणावा असा मासा आपल्याकडेही होता, महासीर. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांची ओळख विलायतेतल्या शास्त्रज्ञांना 1839 साली करून दिली, तेव्हा इथल्या महासीरला शास्त्रीय नाव दिलं ते 'खुद्री', आणि तो मासा होता पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला. आज त्या पाण्यात हात घालायचीही कुणाची तयारी नाही. देहू-आळंदीला इंद्रायणीतल्या माशांना देवाचे मासे म्हणून अभय होतं. माणसाने गळ टाकला नाही, पण सांडपाण्याला अभयाचं काय कळणार? आळंदीला इंद्रायणी फेसाने पांढरी झाल्याचे फोटो आता दर वर्षी छापून येतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महासीरचं बीज तयार केलं, ठिकठिकाणच्या पाण्यात सोडलं, म्हणून हा मासा पुस्तकापुरता उरला नाही. स्टर्जनचीही हीच रड आहे. धरणांनी वाट अडवली की वाहत्या पाण्यातले मोठे मासे आधी जातात.

भामेच्या फुगवट्यात आता राज्य आहे कटल्याचं. कटला, रोहू, मृगळ ही मंडळी मुळात उत्तरेच्या नद्यांमधली. त्यांची बोटुकली इथे आणून सोडली आणि ती इथलीच झाली. चाकणमध्ये बाहेरून येऊन जम बसवणारे ते काही एकटे नव्हेत. त्यांच्या जोडीला सायप्रिनस, चिलापी, आणि जुन्या रहिवाशांपैकी मरळ, वाम, शिंगटा. कटला मोठ्या डोक्याचा, वरच्या थरात चरणारा. थंडीत वरचं पाणी गार पडतं, तेव्हा तो खाली सरकतो आणि सुस्तावतो, असं मामांचं म्हणणं. मग बोये कमी करून, दगड बांधून जाळं खोल न्यायचं. संध्याकाळी टाकायचं, पहाटे काढायचं. पंधरा किलोचा कटला जाळ्यात गुरफटून वर येतो तेव्हा त्याला ट्यूबवर घेणं ही कसरत असते. उभं राहता येत नाही, टेकायला काठ नाही. मामा त्याला आधी पाण्यातच थकू देतात, मग कल्ल्यात बोटं घालून मांडीवर ओढतात. एखाद्या हट्टी नातवाला घ्यावं तसं दोन्ही हातांनी आवळून धरतात. मफलरसकट सगळे भिजतात.

कटला परवडला. ट्यूबला भीती लहान माशांची. चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग असते, शिंगट्याच्या पंखात एक एक सुळा असतो. महामार्गावरच्या खिळ्यांना पुरून उरलेली ट्यूब पावशेराच्या चिलापीने पंक्चर होते. म्हणून मासा रबराला लागू द्यायचा नाही, जाळ्यातून सोडवला की थेट गोणीत. गोणी पाण्यात लोंबती ठेवायची. दुसरी भीती बुडालेल्या झाडांची. धरण झालं तेव्हा शिवारातल्या बाभळी उभ्याच पाण्याखाली गेल्या. पाणी उतरतं तसे त्यांचे शेंडे वर येतात, आणि पाण्यात राहिलेल्या बाभळीचा काटा मऊ पडत नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, ती दगा देते तो सावकाश. फुटत नाही, सुस्कारा टाकते. बैठक एका अंगाला कलायला लागते, पोत्याखालून बारीक बुडबुडे येतात. तेवढ्यात काठ गाठायचा. अंतर थोडं असेल आणि अंगात त्राण असेल तर जमतं. थंडीत हात आखडलेले असतील, पाय जाळ्यात अडकला असेल, अंगात भिजून जड झालेला स्वेटर असेल, तर पोहता येऊन उपयोग नसतो. जाळं टाकायला गेलेला माणूस परत आला नाही, दुसऱ्या दिवशी सापडला, अशा दोन ओळींच्या बातम्या राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या धरणावरून येतच असतात. मला ट्यूबवर बसून बघायचं होतं. मामांनी विचारलं, "पोहता येतं का, सर?" येतं म्हटलं. "तरी नको," ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

तिच्या आधी इथे कोण होतं? वाळवलेल्या भोपळ्यांची सांगड. दुध्या भोपळे आतून पोकळ करून, तोंड बंद करून, काठीला बांधायचे आणि त्यावर पालथं पडून नदी ओलांडायची, जाळं टाकायचं. भोपळ्याला गळती नाही, पण दगडावर आपटला की संपला. ट्रक आले, त्यांच्याबरोबर ट्यूबा आल्या आणि भोपळा मागे पडला. त्यातही जुन्या ट्यूबा नैसर्गिक रबराच्या, हवा लवकर सोडणाऱ्या. अमेरिकेत 1937 साली स्टँडर्ड ऑइलच्या रसायनशास्त्रज्ञांनी ब्यूटाइल रबर शोधलं, ते हवेला फार चिवटपणे धरून ठेवतं. आजची काळी, तुळतुळीत ट्यूब त्या घराण्यातली. तिकडच्या प्रयोगशाळेतला शोध भामेवर कटला धरायच्या कामी आला, हे ना त्या शास्त्रज्ञांच्या स्वप्नात होतं, ना टायर कंपन्यांच्या.

आणि आता ट्यूबचीच पाळी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या ट्रकांना जवळपास सगळे नायलॉनचे टायर असायचे, आत ट्यूब. आता रेडियल निम्म्याहून पुढे गेले, आणि त्यातही ट्यूबलेस वाढत चालले. खुद्द चाकणमध्ये 2013 पासून ब्रिजस्टोनचा रेडियल टायरचा कारखाना आहे. ट्यूबलेसचे फायदे खरे आहेत: टायर कमी तापतो, पंक्चर झालं तरी हवा एकदम जात नाही, रस्त्यावर टामी घेऊन बसावं लागत नाही. ट्रकवाल्याच्या बाजूने बघितलं तर नाव ठेवायला जागा नाही. फक्त भंगारात आता टायर येतो आणि त्याच्या पोटात काही नसतं. मामा म्हणतात, चांगली ट्यूब हल्ली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची बघावी लागते, आणि ती फार मोठी, म्हशीसारखी. वळता वळत नाही.

यावर शहाणा माणूस म्हणेल, मग होडी घ्या. मीही म्हणालो होतो. होडी फायबरची असो की पत्र्याची, तिला पैसे लागतात, दोन माणसं लागतात, रात्री काठावर बांधून ठेवली तर राखण लागते. पाणी उतरलं की ती चिखलात रुतते आणि फर्लांगभर ओढावी लागते. ट्यूब खांद्यावर घेऊन माणूस घरी जातो. हवा काढली तर एसटीत सीटखाली मावते. शिवाय होडीसाठी अनुदान मागायला संस्थेचं सभासदत्व लागतं, मासेमारीचा ठेका संस्थेला मिळतो, आणि पाण्याकाठी पिढ्या गेलेले सगळेच काही सभासद नसतात. जिथे लोक एकत्र येऊ शकले तिथे चित्र बदललं हेही खरं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, घोड नदीवरच्या डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या आदिवासींनी 'शाश्वत' संस्थेच्या मदतीने स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी केली, पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवलं, आणि त्या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. असं सगळीकडे व्हावं. ते होईपर्यंत लोक ट्यूबवरच बसणार आहेत.

म्हणून तिचं कौतुक करताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. स्वस्त, साधी, चिवट, कष्टाळू, हे सगळे गुण तिच्यात आहेत, आणि गरिबाच्या वस्तूचं वर्णन करताना लेखकाला हेच गुण पटकन दिसतात. तिच्यावर बसणारा माणूस मात्र ती आवडते म्हणून बसलेला नाही. दुसरं काही परवडत नाही म्हणून बसला आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराला अपघाती मृत्यूसाठी 5 लाखांचं विमाकवच आहे, पण ते मेल्यानंतरचं झालं, आणि तेही नाव नोंदलेलं असेल तर.

जगवण्याची सोय त्याहून स्वस्तात होते. एका लाइफ जॅकेटला ट्रकच्या एका नव्या टायरच्या किमतीचा लहानसा भाग लागतो. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यातले 2 टक्के समाजाच्या कामावर खर्चावे लागतात. शाळेच्या भिंती रंगवून झाल्या, झाडं लावून झाली, बाकडी वाटून झाली. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या टेबलावर सीएसआरची फाइल येत असेल तर एवढी विनंती: भामा आसखेड आणि चासकमान या धरणांच्या काठच्या मासेमारांना जॅकेट द्या, संस्थेच्या सभासदांना द्या आणि सभासद नसलेल्यांनाही द्या. खांदे मोकळे राहतील असं द्या, नाहीतर वल्हवताना अडचण होते म्हणून ते काढून काठावर ठेवतील. आणि वाटपाचा कार्यक्रम 26 जानेवारीवर ढकलू नका, दिवाळीला करा. थंडीतलं जाळं त्यानंतर लगेच खोल जायला लागतं.